४८ मतांनाही ३०, चार लाखांनाही ३०

तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यात श्रीपेरुंबुदूरप्रमाणेच उत्तिरमेरूरही येतं. तिथल्या दहाव्या शतकातल्या चोळकालीन शिलालेखात ग्रामसभेचे सदस्य निवडण्याची रीत कोरलेली आहे. नावांची ताडपत्रं मडक्यात टाकायची, भर सभेत लहान मुलाने एक काढायचं, मध्यस्थाने ते पाचही बोटं पसरून उघड्या तळहातावर घ्यायचं आणि मोठ्याने वाचायचं. मग हजर पुजाऱ्यांनीही तेच वाचायचं. ही मतमोजणी नव्हे, सोडतच. पण हातचलाखीचा बंदोबस्त चोख.

आजचा बंदोबस्त पाहा. श्रीपेरुंबुदूर लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या आदेशानुसार प्रत्येकातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मतदानयंत्रातल्या आकड्यांशी ताडतात. म्हणजे ३० केंद्रं. २०२४मध्ये इथून टी. आर. बालू चार लाखांहून अधिक मतांनी जिंकले. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले, पण पडताळणी तिथेही ३० केंद्रांचीच! हे काही पटत नाही. फरक कमी असेल तर नमुना मोठा हवा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७पासून याच तत्त्वावर मतपत्रिका तपासतात.

असा बदल होईल तेव्हा होईल. तोवर हाताशी नमुना १७-सी आहे. मतदान संपताच केंद्राध्यक्ष एकूण मतांचा हा सहीचा हिशेब उमेदवारांच्या हजर प्रतिनिधींना देतो. मोजणीच्या टेबलावर यंत्राचा एकूण आकडा त्याच्याशी जुळवता येतो, अर्थात प्रतिनिधीने तो कागद घेतला असेल तर.