मिठी : नाला नव्हे, नदी

कुर्ल्याच्या पुलावरून जाताना आम्ही वर्षानुवर्षं नाक दाबलं आणि खालच्या काळ्या पाण्याला नाला म्हणत आलो. ती मिठी नदी! विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारं पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला, धारावी असं जेमतेम १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळासाठी तिला वळवलं, खाडीकाठच्या दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभारलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्यात समुद्राला भरती. पाणी जाणार कुठे? त्या रात्री घरचे फोन लागेनात, आम्ही इथे परदेशात जागे. मदत देताना एवढं ध्यानात असू द्या : आधी बुडतात त्या काठावरच्या झोपड्या, पण नदी अडवली ती सगळ्या शहरानं.