ओळंब्याशेजारी उभा माणूस

गवंड्याचा ओळंबा ही माझ्या लेखी व्यायामशाळेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. छताला दोरी, दोरीला वजन आणि शेजारी एका अंगाने उभा केलेला माणूस; एवढ्यावर त्याच्याविषयी जे कळतं, ते वजनकाटा आणि चरबी मोजणारं यंत्र मिळून सांगत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी कुठल्याही गावी गेलो की तिथल्या जिममध्ये डोकावतो. आरसे भिंतभर असतात, ओळंबा मात्र क्वचितच दिसतो.

ही पद्धत रुजवली ती अमेरिकेत बाल्टिमोरला काम करणाऱ्या हेन्री आणि फ्लॉरेन्स केंडल या दाम्पत्याने. पोलिओच्या रुग्णांचा एकेक स्नायू तपासता तपासता त्यांची नजर तयार झाली आणि 1949 साली त्यांचं स्नायूंच्या तपासणीवरचं पुस्तक आलं. ते आजही फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या हाती असतं. त्यांच्या पद्धतीतली खरी मेख दोरी कुठे धरायची यात आहे. बरेच जण ती कानाशी जुळवतात आणि तिथेच फसतात. उभ्या माणसाचं जमिनीला टेकलेलं, न हलणारं अंग एकच, ते म्हणजे पाऊल. म्हणून दोरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या किंचित पुढे आणायची आणि मग नजर वर न्यायची. ती गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून, खुब्याजवळून, खांद्याच्या सांध्यातून आणि कानाच्या पाळीतून गेली, की बांधा ओळंब्यात. एखाद्याचा खुबा पुढे आणि छाती मागे कललेली असते. दोरी कानाशी धरली तर या माणसाचा दोष पावलांच्या माथी मारला जातो.

आणखी एक पथ्य. समोरच्याला ‘ताठ उभे राहा’ असं चुकूनही म्हणू नये. तसं म्हटलं की तो पोट आत ओढतो, छाती फुगवतो आणि तपासणी वाया जाते. अनवाणी चार पावलं जागच्या जागी टाकायला सांगावं, घरच्या गप्पा काढाव्यात आणि थांबल्यावर तो सहज जसा उभा राहील तसा पाहावा.

प्रागचे डॉक्टर व्लादिमिर यांडा हे या विषयातले माझे दुसरे आवडते. पंधराव्या वर्षी त्यांना स्वतःलाच पोलिओ झाला होता. छातीचे आणि मानेमागचे स्नायू आखडलेले, मानेच्या पुढचे खोलवरचे आणि पाठीच्या फऱ्याखालचे ढिले, ही जोडगोळी त्यांनी दाखवून दिली. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यात ही जोडगोळी अनेकदा दिसते; त्याला पहिल्याच दिवशी डोक्यावर जड बार उचलायला लावताना मला म्हणूनच धास्ती वाटते.

पण कान दोरीच्या पुढे गेला म्हणजे मान दुखणारच, असं मुळीच नाही. वाकडी ठेवण असलेले असंख्य लोक बिनदुखण्याचे हिंडतात. ओळंबा कुठे पाहायचं ते सांगतो. निकाल हालचालीत लागतो. हात वर धरून बैठक मारायला लावा. टाचा उचलल्या, धड पुढे झुकलं, तर टाचांखाली दोन पातळ प्लेटा सरकवा. लगेच बैठक सुधारली तर घोटा आखडलेला आहे. गुडघे तरीही आत पडत असतील, तर खुब्याच्या स्नायूंकडे वळा.

कोल्हापुरातल्या एका तालमीत मी वस्तादांना नवी पोरं पारखताना पाहिलं. दोरी नव्हती, पण पोरगं हौद्यापर्यंत चालत येईस्तोवर त्यांनी त्याचे पाय पाहून घेतले होते. मग थोडेच जोर, थोड्याच बैठका. आकडा वाढवायचा तो सावकाश. तालमीतल्या बैठकीत टाचा मुद्दामच उचलतात आणि गुडघे चवड्यांपुढे जातात, ते चुकीचं नाही. ‘गुडघा बोटांपुढे जाता कामा नये’ हा जिममधला नियम आंधळेपणाने पाळू नये. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गुडघ्यांपुढे फळी लावून बारबेलच्या बैठका मारून घेतल्या. गुडघ्यावरचा भार थोडा घटला, पण खुब्यावरचा जवळजवळ दहापट झाला.

बाकीचं थोडक्यात. प्रवेशाच्या वेळी हृदयविकार, छातीतलं दुखणं, चक्कर, चालू औषधं यांची प्रश्नावली भरून घ्यावीच. आधी अंग गरम करावं. दोन-तीन दिवसांत ओसरणारी स्नायूंची ठणक चालते. सांध्यातली टोचणारी कळ चालत नाही. मोठ्या खंडानंतर एकदम शेकडो बैठका मारल्या आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, कारण तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं मूत्रपिंडावर घाला घालतात.

माझ्या मते व्यायामातल्या बहुतेक इजांचं मूळ घाईत असतं. महिनाभराची वाढ आठवड्यात हवी असते. दिवाळीचा फराळ संपला की तुमच्यापैकी अनेक जण जिमची वाट धरतील. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला एवढंच विचारा: माझं उभं राहणं आणि माझी बैठक तुम्ही आधी पाहणार ना? तो न पाहताच हातात डंबेल देऊ लागला, तर वर्षाचे पैसे भरू नका. दुसरी जिम शोधा.