जासईत घर: बांधायचं, घ्यायचं की भाड्याने द्यायचं

नवी मुंबईत घराचा विषय निघाला की लोक हप्ता जास्त की भाडं, याचा हिशेब मांडतात. उरण तालुक्यातल्या जासईत गेली पन्नासेक वर्षं हा हिशेब उलट्या बाजूने मांडला जातो. इथल्या माणसाने भाडेकरू व्हायचा विचार क्वचितच केला. घरमालक होणं मात्र त्याला भागच पडलं.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या 95 गावांवर संपादनाची टाच आली. तोवर मुलगा वेगळा झाला की मागच्या अंगणात किंवा गावाच्या कडेला दोन खोल्या उभ्या राहत. जागेचा प्रश्न येत नसे. संपादनात भातशेती गेली, गावठाणाची हद्द मात्र होती तिथेच राहिली. कुटुंबं वाढली तशी घरं हद्दीबाहेर सरकली, कालपर्यंत आपल्या असलेल्या आणि आता कागदावर सरकारच्या झालेल्या जमिनीवर. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ ती हीच.

मधल्या काळात 1984 आलं. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं. 16 जानेवारीला दास्तान फाट्याजवळ आणि दुसऱ्या दिवशी नवघर भागात गोळीबार झाला, चिर्ले, धुतूम आणि पागोटे गावांतले पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे 1990 मध्ये आली, ती या लढ्यातून.

पण साडेबारा टक्के हातात पडताना साडेबारा राहत नाहीत. सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के कपात होते, उरतात पावणेनऊ. म्हणजे एकराला सुमारे 354 चौरस मीटर. चार भाऊ वारस असतील तर प्रत्येकी 88, आणि बहिणींनी हक्क सोडला नाही तर त्याहून कमी. एवढ्यावर एकेकट्याने काय बांधायचं? मग अनेकांनी बिल्डरशी करार केला, कुणी भूखंड थेट विकला. त्या पैशातून गाडी आली, लग्नं झाली, हेच लोक बोलतात. गावातल्या घरावर मजला चढला, हे फारसं कुणी बोलत नाही.

तो मजला चढण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जमीन नावावर नाही, त्यामुळे बँक गृहकर्ज देत नाही. पैसा येतो दागिने मोडून, भिशीतून, पाहुण्यांकडून. म्हणून घर टप्प्याटप्प्याने वाढतं: यंदा पाया आणि पिलर, पुढे जमेल तेव्हा स्लॅब, प्लास्टर मुलीचं लग्न ठरेल तेव्हा. गच्चीवर पिलरच्या सळया हात-दीड हात वर सोडलेल्या असतात, कारण धाकट्याचा मजला अजून यायचाय. घरावर कर्ज नसतं हे खरं, पण अडीनडीला ते तारणही ठेवता येत नाही. या दुसऱ्या बाजूची किंमत मला मोठी वाटते.

1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, पाठोपाठ कंटेनर यार्ड आणि गोदामं आली. ड्रायव्हर, हेल्पर, कामगार यांना खोल्या हव्या होत्या. शेत गेलेल्या घराला महिन्याच्या महिन्याला पैसा देणारं पीक मिळालं ते हे. वरचा मजला मुलासाठी बांधायचा आणि मुलाचं लग्न होईपर्यंत भाड्याने द्यायचा, असा बेत घरोघर होऊ लागला.

12 जानेवारी 2024 ला अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. शेजारच्या उलव्यात सोसायट्या आधीच उभ्या होत्या. सिडकोने तिथल्याच बामणडोंगरीला अत्यल्प उत्पन्न गटासाठी काढलेल्या घराचीही जाहीर किंमत 32 लाखांच्या आसपास होती. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 25 लाख काढले तर हप्ता 21,700 च्या घरात जातो आणि फेडताना 52 लाख होतात. तरीही नव्या सुनेला लिफ्ट, पार्किंग आणि नावावरचा कागद हवा असतो, आणि त्यात तिचं चुकतं असं म्हणवत नाही. मग फ्लॅट उलव्यात घेतला जातो आणि हप्त्याला हातभार लागतो गावातल्या खोल्यांच्या भाड्याचा. त्या खोल्या बँकेला तारण म्हणून चालत नाहीत, त्यांचं भाडं खात्यात जमा झालेलं चालतं.

गरजेपोटीची घरं भाडेपट्ट्याने नियमित करण्याचा शासन निर्णय फेब्रुवारी 2022 मध्ये निघाला. जमीन भाडेपट्ट्याने नको, मालकीहक्काने हवी, ही प्रकल्पग्रस्तांची मागणी त्यानंतरही राहिली. म्हणजे स्वतःच्या पैशाने बांधलेल्या, भाडेकरू ठेवलेल्या घराखालच्या जमिनीचे आपण भाडेपट्टेदार का व्हायचं, असा त्यांचा सवाल आहे.