ठिबक संचाच्या फिल्टरचे अडकलेले झाकण कसे उघडावे?

विहिरीच्या, शेततळ्याच्या अथवा कालव्याच्या पाण्यात माती, शेवाळ व काडीकचरा थोडाफार असतोच. हे पाणी पिकाच्या मुळाशी सोडणाऱ्या ठिबकच्या तोट्यांचा आतील मार्ग मात्र एक मिलिमीटरच्या आसपास असतो. तो बुजू नये म्हणून संचाच्या तोंडाशी फिल्टर बसविलेला असतो. नेहमीच्या वापरातील १२० मेशच्या जाळीची छिद्रे सुमारे ०.१३ मिलिमीटरची असतात. ही जाळी वेळच्या वेळी धुतली तरच संच नीट चालतो, आणि जाळी धुवावयाची म्हणजे झाकण उघडले पाहिजे.

अडचण येते ती नेमकी येथे. ऐन वैशाखात केळीस व भाजीपाल्यास रोज पाणी हवे असता झाकण जागचे हलत नाही. मग धुणे लांबणीवर पडते, किंवा झाकण फोडून, जाळी काढून ठेवून न गाळलेले पाणीच संचात सोडले जाते. कालांतराने तोट्या बंद पडू लागतात आणि पाणी न पोचलेली झाडे सुकतात. याहून मोठा धोका माणसास असतो. आत दाब शिल्लक असता झाकण सैल केल्यास ते उसळून तोंडावर आदळते.

झाकण का अडकते?

कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले, आत राहिलेला दाब. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते. आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो असल्यास झाकणावर आतून ३१४ किलोंचा, म्हणजे तीन क्विंटलांहून अधिक भार येतो. दाबमापकाचा काटा ०.२ वर उतरला तरी हा भार ६२ किलोंच्या वर राहतो. दुसरे कारण याच्या उलट आहे. पंप थांबल्यावर पाणी उताराच्या शेताकडे ओसरते. हवा आत येण्यास वाट नसल्यास फिल्टरमध्ये पोकळी निर्माण होते व बाहेरील हवा झाकणास आत दाबून धरते. तिसरे कारण म्हणजे वाळलेला, चिकटलेला रबरी वॉशर अथवा आट्यांत साचलेले पाण्याचे क्षार. चौथे, मागील वेळी पान्याने वाजवीपेक्षा अधिक आवळलेले झाकण.

प्रथम वीज, मग दाब

पंप बंद करून मुख्य स्विच पाडावा. पंपास ऑटो स्विच असल्यास तोही बंद करावा. वीज अवेळी परत आली की ऑटो स्विच पंप आपोआप सुरू करतो, आणि त्या वेळी माणसाचा हात फिल्टरमध्ये असू शकतो. नंतर पंपाकडील व्हॉल्व्ह बंद करून फिल्टरचा निचऱ्याचा कॉक व एअर व्हॉल्व्ह उघडावा. त्यामुळे दाब असल्यास बाहेर पडतो व पोकळी असल्यास हवा आत शिरते. केवळ दाबमापकावर विसंबू नये. काटा अडकलेला असू शकतो. कॉकमधून पाणी येणे पूर्ण थांबले म्हणजेच दाब गेला असे समजावे. संचातून नुकतेच आम्ल अथवा विद्राव्य खत सोडले असल्यास आधी काही वेळ स्वच्छ पाणी चालवावे.

झाकण सैल करण्याची रीत

झाकणाच्या कडेची माती ब्रशने काढून टाकावी. क्षार धरलेले असल्यास शिरक्यात भिजविलेले फडके कडेभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे. नंतर लाकडी किंवा रबरी हातोडीने कडेवर सर्व बाजूंनी हलके ठोके द्यावेत. लोखंडी घण वापरू नये. त्याने प्लॅस्टिकला तडा जातो आणि तडा गेलेले झाकण पुढे दाबाखाली फुटते.

आट्यांचे झाकण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. हात घसरत असल्यास सायकलची जुनी ट्यूब झाकणाभोवती गुंडाळून पकड घ्यावी, अथवा पट्ट्याचा पाना लावावा. दोन कान असलेल्या झाकणाच्या दोन्ही कानांवर सारखा जोर द्यावा. एकाच कानात लांब पाइप घालून ताण देऊ नये. क्लॅम्पचे झाकण असल्यास बोल्ट थोडाच सैल करून झाकण हलते की नाही ते पाहावे, मगच क्लॅम्प काढावा. कोणत्याही प्रकारात झाकणावर ओणवे होऊ नये. बाजूस उभे राहावे.

पुन्हा अडकू नये म्हणून

झाकण उघडताच वॉशर काढून तो व त्याची खाच स्वच्छ पुसावी. चिरलेला, चपटा अथवा कडक झालेला वॉशर बदलावा. त्यास सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. रॉकेल, डिझेल किंवा इंजिनाचे तेल लावू नये. त्याने पुष्कळ प्रकारचे रबर फुगते व झाकण अधिकच घट्ट बसते. आट्यांचे झाकण हातानेच आवळावे. पाणी रोखण्याचे काम वॉशरचे आहे, मनगटाच्या जोराचे नव्हे. गळती होत असल्यास अधिक आवळण्याऐवजी वॉशर तपासावा.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत दर चौरस सेंटिमीटरला ०.५ किलोचा फरक पडला की जाळी धुवावी. पाणी गढूळ असल्यास रोज धुणे इष्ट. नियमाने उघडले जाणारे झाकण सहसा अडकत नाही. जादा वॉशर पंपघरातच ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळी हंगामापूर्वी गावातील एखाद्या संचावर याचे प्रात्यक्षिक अवश्य करून दाखवावे. स्विच, कॉक, झाकण हा क्रम तेथे प्रत्येक शेतकऱ्याकडून स्वहस्ते करवून घ्यावा, म्हणजे घाईच्या वेळी तो आपसूक पाळला जाईल.