कोरफड मान का टाकते?

कोरफड ही मोठी चिवट वनस्पती. पत्र्याच्या डब्यात लावा, फुटक्या कुंडीत लावा, सुट्टीत पंधरा दिवस गावाला जाताना तशीच सोडून जा. परत यावे तो ती हिरवीगार उभी असते. अशी ही कोरफड एखादे दिवशी मान टाकते. ताठ पाने कुंडीच्या कडेवरून बाहेर लोंबू लागतात. घरातले कोणीतरी म्हणते, "पाणी मिळालं नसेल बिचारीला," आणि तांब्याभर पाणी ओतले जाते. पाने आणखी लोंबतात, म्हणून आणखी एक तांब्या. काही दिवसांत झाड बुडापासून कुजते आणि आडवे होते.

येथे चूक कोठे झाली? अंगात ताप आहे एवढ्यावरून डॉक्टर हिवतापाचे औषध देत नाहीत. आधी रक्त तपासतात. पाने लोंबणे हेही तापासारखेच एक लक्षण आहे. त्याची कारणे अनेक असू शकतात, आणि त्यांतली दोन तर एकमेकांच्या अगदी उलट असतात.

पान ताठ कशामुळे राहते?

कोरफडीच्या पानात लाकूड नसते. मग ते उभे कसे राहते? सायकलची ट्यूब हवा भरली की टणक होते. त्याचप्रमाणे पानातील प्रत्येक पेशी पाण्याने फुगलेली असते आणि आतले पाणी पेशीच्या भित्तिकेवर दाब देत असते. असंख्य पेशींच्या या दाबामुळे पान ताठ राहते. बटाट्याचे दोन लांब, पातळ काप घ्या. एक साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवा. साध्या पाण्यातला काप कडक राहील, मिठाच्या पाण्यातला चामड्यासारखा वाकेल. मिठाच्या द्रावणाने त्याच्या पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतलेले असते.

कोरफडीचे पान ही पाण्याची टाकीच असते. आतल्या पारदर्शक गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असते. ही टाकी जपून वापरण्याची तिची रीतही वेगळी आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात. त्याच वाटेने पाण्याची वाफ निघून जाते. कोरफड मात्र पर्णरंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडते. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या साहाय्याने त्यापासून अन्न तयार करते.

या रीतीचा एक जुना पुरावा भारतातच मिळाला होता. येथे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी १८१३ साली एका पत्रात लिहून कळवले, की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, हे त्याचे कारण पुढे उलगडले. एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळवताना गहू किंवा भातासारख्या वनस्पती सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. कोरफडीच्या पद्धतीने जगणाऱ्या वनस्पतींचे काम ५० ते १०० ग्रॅमांत भागते.

ओल्या मातीतली तहान

पाण्याचा खर्च एवढा कमी, तर रोज घातलेले पाणी जाते कोठे? ते मातीतच राहते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत एरवी हवा असते आणि तिच्यातील प्राणवायूवर मुळे श्वसन करतात. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की प्राणवायूची वाट अडते. कारण पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, मरतात. मेलेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशी वाढतात.

कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणजे कुंडीत चिखल असूनही झाड तहानलेलेच! पाने लोंबतात आणि आपण पुन्हा पाणी घालतो. कोरडी माती आणि अति ओली माती या दोन टोकांच्या कारणांचा शेवट असा एकाच लक्षणात होतो.

रोगाची पारख

पाणी घालण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहा.

१. माती : बांबूची एक कोरडी काडी कुंडीत खोलवर खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली, तर पाण्याला हात लावू नका. आंबूस किंवा कुजका वास आला, तर संशय बळावतो.

२. पान : तहानलेले पान पातळ होते, त्याच्या कडा आत वळून पन्हळीसारखा आकार येतो, सुरकुत्या पडतात, पण ते चिवट असते. कुजणाऱ्या झाडाचे पान बुडाशी मऊ, पिवळट-तपकिरी आणि पाणचट होते; दाबले की बोट आत रुतते.

३. प्रकाश : माती ठीक, पानेही भरीव, पण लांबट, फिकट आणि खिडकीकडे झुकलेली असतील, तर झाडाला उजेड अपुरा आहे.

४. मूळ : तरीही शंका असेल, तर झाड कुंडीतून अलगद काढा. निरोगी मूळ फिकट रंगाचे व टणक असते. कुजलेले मूळ काळे, बुळबुळीत असते आणि त्याची साल चिमटीत निघून येते.

उपाय

झाड तहानलेले असेल, तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या. फार वाळलेली माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निसटून जाते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावी. काही दिवसांत पाने भरतात.

मुळे कुजली असतील, तर सडलेला भाग स्वच्छ सुरीने कापून टाका. झाड तीन-चार दिवस सावलीत तसेच ठेवा, म्हणजे कापलेला भाग सुकून बंद होईल. मग कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा आणि पहिले पाणी आठवड्याने द्या. देशावरील काळी माती पाणी फार धरून ठेवते. तिच्यात निदान निम्मी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. कुंडीला भोक हवेच, आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. बूडच सडले असेल, तर बाजूची निरोगी पिल्ले वेगळी करून लावा. पानफुटीप्रमाणे कोरफडीचे नुसते पान रुजत नाही.

उजेड कमी पडत असेल, तर कुंडी आठ-दहा दिवसांत थोडी थोडी उन्हाकडे सरकवा. एकदम कडक उन्हात ठेवली, तर पाने करपतात. लांबलेली पाने पुन्हा आखूड होणार नाहीत. नवी पाने मात्र ताठ येतील.

करून पाहा

हाइन यांचे निरीक्षण तुम्हांलाही पडताळता येईल, तेही पान न चाखता. चाखू नकाच, कारण पानफुटीत गुरांना बाधणारी विषारी द्रव्ये असतात. पानफुटीच्या एकाच रोपाचे एक पान सूर्योदयापूर्वी आणि तेवढेच दुसरे पान सूर्यास्ताच्या सुमारास तोडा. प्रत्येक पान तोडल्याबरोबर चमचाभर ऊर्ध्वपातित पाण्यात वाटा आणि रस शाळेतील पीएच कागदावर लावा. दोन्ही रंग जपून ठेवा व शेजारी मांडून पाहा. मग एक प्रश्न स्वतःला विचारा : रोपावरचे एक पान दिवसभर काळ्या कागदाने झाकून ठेवले, तर त्याचा संध्याकाळचा रंग या दोहोंपैकी कोणासारखा असेल?