'फास्ट' म्हणजे काय?

'फास्ट' हा इंग्रजी शब्द तुम्हांला ठाऊक आहे. बाळकुमच्या नाक्यावर, ठाण्याच्या स्टेशनात, क्रिकेटच्या मैदानात तो रोज कानावर पडतो. त्याचा अर्थ विचारला, तर तुम्ही चटकन सांगाल, "फास्ट म्हणजे तेज!" उर्दूत हे उत्तर बरोबर आहे. मराठीत मात्र ते चालणार नाही. इंग्रजीतही 'फास्ट'चा हा एकच अर्थ नाही. हा साधा दिसणारा शब्द किती रूपे घेतो, ते पाहू या.

समजा, तुम्ही बाळकुमहून बसने ठाणे स्टेशनात आलात. तुम्हांला नाहूरला मावशीकडे जायचे आहे. फलाटावर मुंबईकडे जाणारी फास्ट लोकल उभी आहे. फास्ट म्हणजे लवकर पोहोचवणारी, असे समजून तुम्ही आत चढलात, तर फसाल. ती नाहूरला थांबतच नाही! लोकलच्या बाबतीत फास्ट म्हणजे मधली काही स्थानके सोडून जाणारी गाडी. मराठीत तिला 'जलद' म्हणतात आणि सर्व स्थानकांवर थांबणारीला 'धीमी'. नाहूरला जायला धीमी गाडीच बरी!

'जलद' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील 'जल्द' तो हाच. पण फरक लक्षात घ्या. उर्दूत आपण 'जल्द आओ' म्हणतो, 'जल्द गाडी' म्हणत नाही. मराठीत 'जलद चाल' आणि 'जलद गाडी' हे दोन्ही बरोबर आहे. संस्कृतातून मराठीत आलेला आणखी एक 'जलद' आहे. त्याचा अर्थ जल देणारा, म्हणजे ढग. तो कवितेत भेटला, तर त्याला गाडी समजू नका!

आता मैदानात चला. श्रीरामपूरच्या जहीर खानने कसोटी सामन्यांत 311 बळी घेतले. तो 'फास्ट बोलर' होता. मराठीत अशा खेळाडूला 'वेगवान गोलंदाज' म्हणतात. येथे चेंडूचा वेग महत्त्वाचा आहे.

घड्याळ 'फास्ट' आहे, असे कोणी म्हटले, तर मात्र 'वेगवान घड्याळ' म्हणू नका. घड्याळ 'पुढे आहे', असे म्हणा. दहा मिनिटे पुढे असलेल्या घड्याळात आठ वाजले, तर खरी वेळ सात वाजून पन्नास मिनिटे असते.

बाळकुमहून कशेळीच्या पुलावरून रस्ता भिवंडीला जातो. भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे गाव. कापड घेताना त्याचा रंग 'फास्ट' आहे, असे दुकानदार सांगतो. म्हणजे रंग झटपट निघून जाईल का? मुळीच नाही! तो धुतल्यावरही जाणार नाही. हा 'पक्का रंग'. पाहा, गाडी फास्ट म्हणजे पळणारी आणि रंग फास्ट म्हणजे जागचा न हलणारा! एकाच शब्दाचे असे दोन उलट अर्थ कसे झाले?

याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत 'फास्ट'चा अर्थ घट्ट, पक्का असा होता. घट्ट धरायला जोर लागतो. त्यामुळे पुढे जोराने केलेल्या कामालाही लोक हाच शब्द लावू लागले. जोराने धावणारा वेगाने पुढे जातो. अशा रीतीने वेगाचा अर्थ मागाहून आला. जुना अर्थही टिकून राहिला. 'फास्ट' झोपलेला माणूस गाढ झोपेत असतो. 'फास्ट फ्रेंड' म्हणजे जिवलग मित्र. रोजा किंवा उपवास यांनाही इंग्रजीत 'फास्ट' म्हणतात. तोही याच मुळातला शब्द. नियम घट्ट पाळणे, हा त्यामागचा भाव. रात्रभराचा उपवास सकाळी सुटतो, म्हणून न्याहारीला 'ब्रेकफास्ट' म्हणतात.

आता आपल्या 'तेज'कडे वळू. उर्दूत चाकू तेज असतो, मिरची तेज असते, मुलगाही तेज असतो. मराठीत चाकू 'धारदार', मिरची 'तिखट' आणि मुलगा 'हुशार' असतो. मराठीत 'तेज' हे बहुधा नाम असते. सूर्याचे तेज, चेहऱ्यावरचे तेज, म्हणजे चमक.

काही मुले एका शब्दापुढे एकच अर्थ लिहून पाठ करतात. मग परीक्षेत 'जलद रंग' आणि 'तेज घड्याळ' असे लिहून बसतात आणि वर्गात हसू होते. त्यात मुलांच्या बुद्धीचा दोष नसतो, पाठ करण्याच्या पद्धतीचा असतो. माणूस जसा सोबतीवरून कळतो, तसा विशेषणाचा अर्थ शेजारच्या नामावरून कळतो. म्हणून विशेषण नामासह लिहून ठेवा. तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत मराठी, हिंदी व इंग्रजी शिकता. चार भाषांचे हे ओझे नाही. चार बाजूंनी शब्द पारखण्याची ही सोय आहे.

स्वाध्याय
1. लोकल, घड्याळ, रंग व गोलंदाज या नामांबरोबर 'फास्ट'साठी योग्य मराठी शब्द लिहा.
2. जलद गाडी प्रत्येक प्रवाशाला लवकर का पोहोचवत नाही?
3. उर्दूतील 'साफ' हा शब्द मराठीतही आहे. तो वेगवेगळ्या अर्थांनी वापरून तीन मराठी वाक्ये लिहा.