पंधरवड्यात सिद्ध होणारी एल

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अंदाजपत्रकात रद्द केली आणि उन्हाळी मेजवानीसाठी, विक्रीसाठी नव्हे, हलकी ‘बिटर’ एल घरीच करण्याची मुभा गृहस्थास विनापरवाना लाभली. सुमारे साडेतीन टक्के मद्यार्काची ही एल शीघ्र सिद्ध होते, कारण माल्टच्या काढ्यात शर्करा बेताचीच असल्याने १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात तिचे किण्वन बहुधा आठवड्याभरात आटोपते. लागरची दीर्घ, शीत मुरवण तिला नको. मात्र बाटल्या भरण्यात घाई सर्वथा वर्ज्य: घनतामापकाचा आकडा सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्यावाचून बूच लावल्यास उरलेल्या शर्करेतून उपजणारा कार्बन डायॉक्साइड बाटली फोडू शकतो.